छपराचे पैसे

संत मोनिकाच्या चर्चला कुलूप लागलं तेव्हा वेदीवरची तीन पांढरी वस्त्रं अरुणा घोन्साल्विसच्या बाल्कनीत वाळत होती. दर पंधरा दिवसांनी ती वस्त्रं घरी आणायची, धुवायची, भाताच्या पेजेची हलकी खळ द्यायची आणि कडक इस्त्री करून शनिवारी परत न्यायची, हा तिचा अकरा वर्षांचा नेम होता. त्या शनिवारी ती पिशवी घेऊन गेली, तर फाटकावर नोटीस. इमारतीचं छप्पर धोकादायक झालं आहे, पुढील सूचना मिळेपर्यंत चर्च बंद राहील, भाविकांनी रविवारच्या उपासनेला, मिस्साला, नऊ किलोमीटरवरच्या दुसऱ्या चर्चला जावं. खाली शिक्का आणि सही.

अरुणा मूळची वसईची. नवऱ्याची, जयेशची, केंद्र सरकारात नोकरी, त्यामुळे लग्नानंतरची सव्वीस वर्षं दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये गेली. निवृत्तीच्या पैशांतून दिल्लीतल्याच द्वारकेला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, आणि सेक्टरच्या टोकाला पत्र्याच्या छपराचं हे छोटं चर्च आहे हे कळल्यावर तिला घर घेतल्याचं खरं समाधान झालं. वसईतल्या चर्चच्या मानाने ते गोदामच वाटायचं. पण रविवारी दोन-अडीचशे माणसं तिथे गच्च बसत. पुढच्या बाकांवर केरळची नर्समंडळी, डावीकडे तमिळ कुटुंबं, मागे झारखंडहून घरकामाला आलेल्या बायका, आणि खांबाजवळ आपली मराठी चार घरं. प्रत्येकाची जागा ठरलेली. एकमेकांकडे बघून हसायचं, शांतीचिन्हाच्या वेळी मान लववायची, आणि मिस्सा संपली की आपापल्या ऑटोत बसायचं.

पहिल्या रविवारी सगळे त्या दुसऱ्या चर्चला गेले. निम्मे उशिरा पोचले. मेट्रोच्या ब्लू लाईनने जायचं, मग ऑटोवाल्याशी घासाघीस करायची, यात म्हाताऱ्यांची दमछाक झाली. दुसऱ्या रविवारी अरुणा मुद्दाम आपल्या चर्चवरून गेली, तर बंद फाटकासमोर फुटपाथवर पंधरा-वीस बायका जपमाळ हातात घेऊन रोझरी म्हणत उभ्या. त्यांच्यात सलोमी होती. सलोमी झारखंडमधल्या सिमडेगाची, सेक्टरमधल्या चार घरांत स्वयंपाक करायची. अरुणाच्या सोसायटीतही यायची.

रोझरी संपल्यावर सलोमी तिच्याजवळ आली. "दीदी, छत खराब हुआ, ठीक है," ती म्हणाली. "पर छत का पैसा तो हम लोग आठ साल से दे रहे थे ना? वो कहाँ है?"

इमारत निधीचा वेगळा लिफाफा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फिरायचा, हे खरंच होतं. त्यात तीही दरमहा पाचशे टाकायची. टाकले की विसरायची. देवाला दिलेल्या पैशाच्या मागे जायचं नसतं, असं तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण तिच्या अंगात ते मुरलेलं होतं. फादर दिसले की ती अजूनही पदर सारखा करायची.

घरी येऊन तिने जयेशला सांगितलं. जयेश वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाला, "प्रश्न बिल्कुल बरोबर आहे. विचारायला काय जातं?"

"मग तुम्ही विचारा."

"मी तर नाताळ आणि ईस्टरला येणारा माणूस. मला काय तोंड आहे? तुझं ऐकतील. तू वेदीची वस्त्रं धुतेस."

सोमवारी ती फादर पास्काल केरकेट्टांना भेटायला गेली. चर्चच्या मागे त्यांच्या दोन खोल्या होत्या, तेवढ्या उघड्या होत्या. फादर पास्काल या धर्मग्रामात, म्हणजे या चर्चच्या हद्दीत, येऊन जेमतेम सात महिने झाले होते. शिडशिडीत, अबोल माणूस, आवाज इतका हळू की प्रवचनाला मागचे बाक पुढे सरकून ऐकायचे. अरुणाने वस्त्रांची पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली. आधी खळीबद्दल बोलली. मग पानिपतला एका हातमागवाल्याकडे कापड किती स्वस्त मिळतं ते सांगितलं. मग दिल्लीच्या उन्हाबद्दल. फादर मान हलवत होते.

शेवटी तिने पाणी मागितलं, ते प्यायली आणि म्हणाली, "फादर, राग मानू नका. छपरासाठी आम्ही जे पैसे देत होतो, ते कुठे आहेत?"

फादर पास्काल खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसेल म्हणून ती तयारीत होती. पण ते हसले, आणि ते हसू तिने याआधी पाहिलेलं नव्हतं.

"हा प्रश्न कुणीतरी विचारेल म्हणून मी सात महिने वाट बघतोय," ते हिंदीत म्हणाले. "मी इथे आलो तेव्हा निधीच्या वहीत फक्त शेवटच्या दीड वर्षाच्या नोंदी होत्या. बाकीचे पैसे वरच्या कार्यालयात जमा आहेत असं मला सांगितलं गेलं. मी तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. आणि आता तर छप्परच धोकादायक ठरलं."

"मग तुम्ही आम्हाला का नाही सांगितलं?"

"माझ्या आधीच्या धर्मगुरूंवर मी संशय घेतो असं दिसलं असतं." ते म्हणाले. "भीती वाटली, हेही खरं. त्या पत्रांवर माझी एकट्याची सही होती. तुम्ही सगळ्यांनी सह्या केल्यात तर गोष्ट वेगळी होईल."

अरुणा घरी परतली ती जिने चढून धापा टाकत, पण तिला हलकं वाटत होतं. फादरही घाबरतात, ही गोष्ट तिला नवी होती आणि का कोण जाणे, आवडली होती.

पत्र लिहायचं काम जयेशने हौसेने अंगावर घेतलं. पस्तीस वर्षं सरकारी फायलींत गेलेली, त्याने पहिला मसुदा असा केला की 'उपरोक्त संदर्भान्वये' नंतर देवाचं नाव यायलाच दुसरं पान लागलं. अरुणाने तो वाचला आणि खाली ठेवला.

"हे बिशपसाहेबांना आहे की खात्याला?"

"दोन्ही एकच असतं."

"सरळ लिहा ना. आम्ही आठ वर्षं पैसे दिले. किती जमले, कुठे आहेत, छपराला का वापरले नाहीत. तीन प्रश्न."

त्याने कुरकुरत दुसरा मसुदा केला. तो एका पानात मावला, आणि फार चांगला झाला होता हे त्याला स्वतःलाही पटलं. मग त्याने पेन बंद करत विचारलं, "पण ते म्हणतील, एवढे जमलेच नव्हते. आपल्याकडे पुरावा काय?"

पुरावा सलोमीकडे होता. दुसऱ्या दिवशी कामाला आली तेव्हा अरुणाने तिला सहज विचारलं, आणि संध्याकाळी तिने पारदर्शक प्लॅस्टिकची एक पिशवी आणून दिली. आत शंभर-शंभर रुपयांच्या शहाण्णव पावत्या, रबरबँडने वर्षावार बांधलेल्या. आठ वर्षांत एकही महिना चुकलेला नव्हता. लॉकडाऊनमध्ये कामं सुटली होती, त्या महिन्यांच्याही होत्या. ते पैसे तिने नंतर, कामं सुरू झाल्यावर, एकदम भरले होते.

"एवढ्या जपून का ठेवल्यास?" अरुणाने विचारलं.

"अपना चर्च बन रहा था ना, दीदी," सलोमी म्हणाली. "गाँव में माँ को दिखाती थी. एक-एक ईंट का कागज़."

मग ठरलं, सगळ्यांच्या पावत्या गोळा करायच्या. जागा मिळाली सुभेदार साळव्यांची. भालचंद्र साळवे संगमनेरकडचे, तिकडच्या जुन्या मराठी ख्रिस्ती घराण्यातले. फौजेतून निवृत्त होऊन तळमजल्यावर राहात होते आणि त्यांच्या घरापुढे चांगलं ऐसपैस अंगण होतं. पहिल्या रविवारी बारा माणसं येतील असं धरून साळव्यांनी चहा ठेवला. आली साठ.

कुणी पर्समधून चुरगळलेल्या चिठ्ठ्या काढल्या, कुणी बायबलच्या पानांत ठेवलेल्या. एका नर्सने आपल्या पावत्यांचे फोटो फोनमध्ये ठेवले होते. एक तमिळ आजोबा पावत्या आणायला विसरले होते, पण दर महिन्याचा आकडा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरांवर लिहून ठेवला होता आणि आठ वर्षांची कॅलेंडरं ते काखेत मारून घेऊन आले. जयेश टेबलाशी बसून आकडे घालत होता. साळवे माणसांना ओळीत उभं करत होते.

"वहिनी, बघा," ते अरुणाला म्हणाले, "बटालियनमध्येसुद्धा इतक्या भाषा एका रांगेत नव्हत्या."

दुसऱ्या रविवारी लोक खायला घेऊन आले. झारखंडच्या बायकांनी डाळ-तांदळाचे धुस्के तळले, केरळवाल्यांनी अप्पम आणि स्ट्यू आणला. अरुणाने वसईसारखे तांदळाचे वडे केले आणि ते अर्ध्या तासात संपले. पावत्यांचं काम दुपारी एक वाजताच आटोपलं होतं, पण पाच वाजेपर्यंत कुणी हललं नाही. अकरा वर्षं जिच्या पाठीमागे बसून मिस्सा ऐकली, त्या नर्सचं नाव शिवांगी आहे, तिची आई मराठी आणि वडील कोट्टायमचे आहेत, आणि ती घरी वडिलांशी मल्याळममध्ये आणि आईशी मराठीत भांडते, हे अरुणाला त्या दिवशी कळलं.

"काकू, मला वाटायचं तुम्ही फार कडक आहात," शिवांगी म्हणाली. "सारख्या पदर सावरता म्हणून."

अरुणा खळखळून हसली. जयेशने आकडे सोडून वर बघितलं.

चार रविवारांत आकडा लागला. मिळालेल्या पावत्यांची बेरीज सव्वीस लाख ऐंशी हजार. पत्रावर चारशे बारा सह्या झाल्या, मल्याळम, तमिळ, देवनागरी, रोमन, आणि तीन अंगठे. सगळ्यात वर फादर पास्कालांची सही. पत्र गेलं. दहा दिवसांत उत्तर आलं की धर्मप्रांताचे, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाचे, खजिनदार फादर मेल्विन स्वतः भेटायला येत आहेत.

भेट सोसायटीच्या कम्युनिटी हॉलमध्ये ठरली. फादर मेल्विन साठीचे, जाडजूड, प्रसन्न चेहऱ्याचे. त्यांनी प्रार्थनेने सुरुवात केली आणि पंधरा मिनिटं बोलले. छप्पर धोकादायक आहे, माणसांच्या जिवाची काळजी आहे, धर्मप्रांतावर अनेक जबाबदाऱ्या आहेत. निधीत आपल्या फाईलप्रमाणे साधारण बावीस लाख जमले होते, ते सुरक्षित आहेत, योग्य वेळी योग्य निर्णय होईल. "आणि शेवटी," ते म्हणाले, "दान आपण देवाला देतो. देवाला दिलेलं मोजायचं नसतं."

साळव्यांनी अरुणाकडे पाहिलं. जयेशने तिच्यापुढे कागद सरकवला. बोलायचं तिने, असं आधीच ठरलं होतं, कारण सगळ्यांच्या मते तिच्यावर कुणी रागावणं कठीण होतं. ती उभी राहिली.

"फादर, देव मोजत नाही, हे खरं आहे," ती हिंदीत म्हणाली. "पण छप्पर देवाला लागत नाही. ते आम्हाला लागतं. आणि आमच्याकडे सव्वीस लाख ऐंशी हजारांच्या पावत्या आहेत. सगळ्यांनी जपून ठेवलेल्या नाहीत, तरी."

तिने फाईल टेबलावर ठेवली. त्यावर सलोमीने उठून आपली पिशवी ठेवली.

फादर मेल्विननी चष्मा काढून पुसला. पिशवी उघडली, एक जुडगा बाहेर काढला, शंभराची पावती, पुन्हा शंभराची पावती. बराच वेळ ते नुसते पावत्या चाळत राहिले. मग त्यांनी विचारलं, "ह्या सगळ्या एकाच व्यक्तीच्या?"

"मेरे हैं, फादर," सलोमी म्हणाली.

"तुम्ही काय काम करता?"

"खाना बनाती हूँ. चार घर में."

फादर मेल्विन खुर्चीतून उठले. त्यांच्या चेहऱ्यावरचा प्रसन्नपणा गेला होता, पण माणूस वाईट नव्हता, एवढं अरुणाला दिसलं. "माझ्या फाईलमध्ये बावीस आहेत आणि तुमच्याकडे सव्वीसच्या पावत्या आहेत," ते म्हणाले. "म्हणजे माझी फाईल चुकीची आहे. मला तीन आठवडे द्या. जे असेल ते सगळं घेऊन येईन. चांगलं असो, वाईट असो."

लोक घरी जाताना कुजबुजत होते. तीन आठवड्यांनी पुन्हा तीच सबब मिळणार, असं साळव्यांचं ठाम मत. जयेशने तर दुसऱ्या पत्राचा मसुदाही सुरू केला.

पण फादर मेल्विन बाविसाव्या दिवशी आले, आणि या वेळी त्यांनी भाषण केलं नाही. सगळ्यांना एकेक झेरॉक्स कागद वाटला. निधीत एकूण एकतीस लाख चाळीस हजार जमले होते, दोन वेगवेगळ्या खात्यांत, आणि दुसऱ्या खात्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. त्यातले चौदा लाख कोविडच्या काळात दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वसतिगृहाच्या बांधकामाला उसने दिले गेले होते. धर्मग्रामाला न विचारता. सव्वातीन लाखांची गाडी आधीचे धर्मगुरू फादर व्हॅलेरियन यांनी घेतली होती. तीही न विचारता. उरलेले चौदा लाख पंधरा हजार बँकेत होते.

हॉलमध्ये एकच गलका उठला. साळवे उभे राहिले. "गाडी? छपराच्या पैशांतून गाडी?"

"फादर व्हॅलेरियननी पत्र दिलं आहे," फादर मेल्विन म्हणाले आणि त्यांनी ते वाचून दाखवलं. लहानसं पत्र होतं. आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद न्यायला गाडी लागते, असं मी स्वतःला समजावलं, फादर व्हॅलेरियननी लिहिलं होतं. ती तशी वापरलीही. पण मी ज्यांचे पैसे होते त्यांना विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात हे मला माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही. मला क्षमा करा.

ते कॅलेंडरवाले तमिळ आजोबा म्हणाले की त्यांच्या पत्नीच्या शेवटच्या आजारपणात फादर व्हॅलेरियन त्याच गाडीतून रोज येत होते. "पण विचारायला हवं होतं," ते पुढे म्हणाले. साळवे खाली बसले. त्यांचा राग पुरता गेला नव्हता, आणि पुढेही महिनाभर गेला नाही.

मग ठरलं ते भराभर ठरलं. गाडी विकून पैसे निधीत यायचे. वसतिगृहाने चौदा लाख हप्त्यांनी परत करायचे, पहिला हप्ता चार लाखांचा, दोन महिन्यांत. यापुढे धर्मग्रामाची पाच जणांची अर्थसमिती, दर तीन महिन्यांनी हिशेब फाटकावर लावायचा. ही समिती खरं तर नियमाने कायमच असायला हवी होती, हे फादर मेल्विननी स्वतः सांगितलं. "कुणी मागितली नाही आणि आम्ही दिली नाही," असे शब्द त्यांनी वापरले. समितीवर पहिलं नाव सलोमीचं सुचवलं गेलं, आणि ते अरुणाने सुचवलं. सलोमी नको नको म्हणत राहिली, पण तिचं कुणी ऐकलं नाही.

छप्परही वाटलं होतं तितकं बिघडलेलं नव्हतं. फादर पास्कालांनी आणलेल्या इंजिनिअरने तपासून सांगितलं की भिंती पक्क्या आहेत, फक्त पत्रे तोलणाऱ्या लोखंडी कैच्या आणि पत्रे बदलायचे, अठरा लाखांत काम होईल. गाडीचे दोन लाख दहा हजार आले. वसतिगृहाचे चार लाख वेळेवर आले, सोबत तिथल्या मुलींनी केलेलं एक आभारपत्रही. साळव्यांनी ते वाचलं आणि नीट घडी करून खिशात ठेवलं. ऑक्टोबरात काम सुरू झालं. नोव्हेंबरात प्रदूषण वाढलं म्हणून दिल्लीतली सगळी बांधकामं थांबली तशी हीसुद्धा बारा दिवस थांबली. त्याही रविवारी फुटपाथवर रोझरी चालूच, आणि नंतर साळव्यांच्या अंगणात चहा.

नाताळाआधीच्या आगमनकाळातला तिसरा रविवार म्हणजे आनंदाचा रविवार, त्या दिवशी धर्मगुरू गुलाबी झगा घालतात. त्याच रविवारी चर्च उघडायचं ठरलं. अरुणा शिवांगीला घेऊन पानिपतला गेली आणि फिकट गुलाबी हातमागाचं कापड घेऊन आली. झगा शिवायला तिला नऊ दिवस लागले. फादर पास्कालांना तो खांद्यांवर जरा सैल झाला, पण त्यांनी तो घालून वेदीमागे एक गिरकी घेतली तेव्हा पुढच्या बाकांवर हशा पिकला.

नवे पत्रे पांढरे होते. आत इतका उजेड झाला की लोक ओळखीच्या जागी येऊनही क्षणभर बावरत होते, आणि मग बसताना सगळी सरमिसळ झाली. साळवे नर्समंडळींत बसले. तमिळ आजोबा मराठी खांबाशी. मिस्सा संपल्यावर सलोमीने उभं राहून पहिला तिमाही हिशेब वाचला, खर्चाच्या शेवटच्या पैपर्यंत, अडखळत पण खणखणीत आवाजात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावर बसलेले फादर मेल्विनही वाजवत होते.

बाहेर चर्चच्या अंगणात मांदर, झारखंडचा ढोल, वाजायला लागला. झारखंडच्या बायकांनी एकमेकींच्या कमरेत हात घालून ओळ धरली. सलोमीने येऊन अरुणाचा हात ओढला.

"मला येत नाही गं," अरुणा म्हणाली, मराठीतच.

"किसी को नहीं आता, दीदी. चलो."

ती ओळीत शिरली. पावलं चुकत होती, आणि शेजारी शिवांगीचीही चुकत होती. जयेश हातात धुस्क्यांची बशी घेऊन बघत उभा होता. अरुणाने त्याला हाक मारली, "अहो, या ना," आणि नाताळ-ईस्टरला येणारा तो माणूस बशी फादर पास्कालांच्या हातात देऊन धावत येऊन ओळीत उभा राहिला.